येतो म्हणून गेलेला

बाबा,

तुमचा तो विद्यार्थी मेला. आधी मी 'गेला' असं लिहिलं होतं, मग खोडलं. 'गेला' म्हणायचं ते आपल्या माणसाला, आणि तो अजून आपला कुणी लागतो असं म्हणायची माझी हिंमत नाही. टीव्हीवर 'संपवला' म्हणाले. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी 'सुंठीवाचून खोकला गेला' असं टाकलं आणि त्याखाली पटापट अंगठे उमटले. म्हण चुकली होती, कारण सुंठ चांगली अख्ख्या क्षेपणास्त्राएवढी लागली होती, पण मी दुरुस्त करायला गेले नाही. त्या ग्रुपवर कुणालाच माहीत नाही की तो आपल्या स्वयंपाकघरात बसून थालीपीठ खायचा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की मधलं काहीच तुमच्यापर्यंत पोचलेलं नाही, तुमच्या लेखी तो अजून फिनिक्सच्या विमानतळावर मागे वळून हात हलवतोय. म्हणून पहिल्यापासून लिहिते. आणि लिहिण्याचं खरं कारण असं की आई अजून त्याची वाट बघतेय, आणि तिला सांगायचं की नाही हे मला ठरवता येत नाहीये. अशा गोष्टी घरात तुम्ही ठरवायचात.

चँडलरचं आपलं ते पहिलं घर आठवा. दिवसभर तुम्ही कॉम्प्युटर चिप्सच्या फॅक्टरीत, संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजात सर्किट्स शिकवायचात, आणि शनिवारी अडलेली पोरं घरी यायची. तो त्यातलाच एक. काटकुळा, मोठ्या भावाचा असावा असा ढगळ कोट भर उन्हाळ्यात घालून आलेला. आईने पहिल्याच दिवशी त्याला 'काकू' म्हणायला शिकवलं, जसं ती सगळ्यांनाच शिकवायची, चिनी पोरांनासुद्धा. हिंदी सिनेमे बघून त्याला मोडकंतोडकं हिंदी येत होतं, त्यामुळे मराठीवरही आपला हात बसेल असं त्याला वाटे. खाऊन झाल्यावर त्याने मला हळूच विचारलं की 'मी निघतो' ला तुमच्याकडे काय म्हणतात. मी शाळकरी पोर, मी शब्दाला शब्द सांगून मोकळी झाले. तो दारात उभा राहून ऐटीत म्हणाला, "जातो, काकू."

आईचा चेहरा उतरला. तुम्ही आतून ओरडलात, "ए, थांब. या घरात जातो म्हणायचं नाही."

"पण सर, मी तर जातोच आहे."

"ते आम्हाला दिसतंय. जातो म्हणणारा परत येत नाही. येतो म्हण."

दुसरा कुणी असता तर हसून 'येतो' म्हणाला असता आणि सुटला असता. हा बाहेर गेला, दार ओढून घेतलं, त्या भाजणाऱ्या उन्हात उभा राहिला आणि बेल वाजवली. आईने दार उघडलं. त्याने पुन्हा बूट काढले, खुर्चीवर बसला, पाणी मागून प्यायला, उठला आणि म्हणाला, "येतो, काकू." आई म्हणाली, "ये. सावकाश ये." तुम्ही इतके हसलात की तुम्हाला ठसका लागला. मला तो दिवस आता आठवतो तेव्हा त्या ठसक्यासकट आठवतो, आणि मग पुढचं आठवू नये म्हणून मी उठून काहीतरी काम काढते.

त्या दिवसापासून त्याने तो शब्द सोडलाच नाही. इंग्लिशमध्येसुद्धा. कॉलेजातून निघताना, लायब्ररीतून उठताना तो लोकांना 'आय ॲम कमिंग' असं सांगून चालू पडायचा, आणि ते बिचारे खुर्च्या सरकवून जागा करायचे. त्याच्या रूममेट्सनी त्याची चेष्टा करून पाहिली, मग हात टेकले. भाऊबीजेला मला भाऊ नाही म्हणून आईने त्यालाच पाटावर बसवलं. तुम्ही म्हणालात, कुंकू लावू नको, त्याला चालतं की नाही कुणास ठाऊक, नुसतं ओवाळ. मी ओवाळलं. दिव्याच्या उजेडात तो इतका गंभीर झाला होता, जणू कुणी त्याची परीक्षाच घेतंय. ओवाळणीत त्याने मला त्याचा कॅल्क्युलेटर दिला, कारण त्याच्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं, आणि मग पुढचं आख्खं सेमिस्टर तो माझ्याकडेच मागायला यायचा.

मग ते दोन मनोरे पडले आणि सगळ्यांचं हवापाणी बदललं. तुमच्यावरही गॅस स्टेशनवर एकजण ओरडला होता, ते तुम्ही आईला सांगितलं नाहीत, मला सांगितलंत. पुढे त्याच्या देशातल्या पुरुषांनी सरकारी ऑफिसात जाऊन हजेरी लावायची असा नियम निघाला, आणि तुम्ही सुट्टी टाकून त्याला ड्राइव्ह करून घेऊन गेलात. दिवसभर बाहेर गाडीत बसलात. तो बाहेर आला, घरी येऊन आईने वाढलेलं जेवला, 'येतो' म्हणाला आणि गेला. टीव्हीवरचे विद्वान आता त्या दिवसाकडे बोट दाखवतात. म्हणतात, बी तिथे पेरलं गेलं. मला ते पटत नाही. त्या रांगेत कितीतरी माणसं उभी होती, आणि ती सगळी घरी जाऊन भाताचा कुकर लावून दुसऱ्या दिवशी कामावर गेली. त्यांच्यापैकी कुणी भाजीबाजार उडवला नाही. त्याचे वडील आजारी पडले म्हणून तो परत गेला, मागोमाग त्याच्या देशात लढाई पेटली, त्याचा धाकटा भाऊ तिच्यात मेला, हे सगळं खरं आहे, आणि तरीही बाबा, त्याने जे केलं ते यातून येत नाही. मी बरीच वर्षं हे गणित मांडून बघितलं. उत्तर जुळत नाही.

तो वर चढला तो तुमच्याच विद्येवर, हे मात्र मला सांगायलाच हवं. आधी तो कुठल्याशा गावात शिकवत होता. मग त्या बंदूकवाल्यांना इंग्लिश बोलणारा माणूस हवा होता, म्हणून तो त्यांची निवेदनं वाचून दाखवू लागला. मग त्यांचा म्होरक्या मारला गेला आणि हा त्या जागी बसला. एक आख्खं शहर त्याच्या ताब्यात होतं. धर्माच्या नावाने त्याने कोर्टं चालवली, मुलींच्या शाळा बंद केल्या, नदीकाठचं बायकांचं धुणंसुद्धा बंद केलं. हजारो पोरं त्याच्या शब्दावर मरायला तयार होती. मी त्याला पहिल्यांदा बघितलं ते ऑफिसच्या कॅन्टीनमधल्या टीव्हीवर. दाढी छातीपर्यंत, मागे झेंडे, समोर गर्दी. चेहरा मला ओळखूच आला नाही. पण बोलता बोलता तो थांबला, तर्जनी वर केली आणि समोरच्यांना काहीतरी विचारलं. खाली भाषांतर आलं: 'इथपर्यंत कळलं?' तुम्ही फळ्याशी असेच थांबायचात, हेच विचारायचात, आणि एकाही पोराने मान हलवली नाही तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचात. आणि भाषण संपताना, कॅमेऱ्यात बघून, इंग्लिशमध्ये तो म्हणाला, "आय ॲम कमिंग."

दर वेळी हेच. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या शेवटी. जगाने ते धमकी म्हणून ऐकलं आणि जगाचं काही चुकलं नाही, कारण त्यानंतर थोड्या दिवसांत कुठे ना कुठे स्फोट व्हायचाच. लोकांनी त्यावर कार्यक्रम केले, टी-शर्टवर छापलं, हॅलोवीनला एका पोराने दाढी लावून आमच्या दारात तेच म्हटलं आणि मी त्याच्या पिशवीत चॉकलेट टाकलं. त्या सगळ्या जगात मी एकटीच अशी होते जिला त्या शब्दांमागे थालीपीठाचा वास येत होता.

एकदा दोन सरकारी अधिकारी आमच्या घरी आले. कधीकाळी तो या गावात शिकत होता म्हणून ते जुन्या ओळखीपाळखीच्या लोकांना भेटत फिरत होते. सभ्य माणसं होती. आईला वाटलं, तुमचेच विद्यार्थी. तिने त्यांच्यापुढे चिवडा ठेवला आणि त्यांनी तो खाल्लासुद्धा. मी त्यांना येतो-जातोची सगळी गोष्ट सांगितली. धाकटा मन लावून ऐकत होता.

"म्हणजे हा तुमच्याकडचा गुडबाय आहे," तो म्हणाला.

"नाही. गुडबाय आम्ही म्हणत नाही. म्हणजे, मी परत येईन असं सांगून जायचं."

"तो परत येईन असं सांगतोय?"

"हो."

त्याने थोरल्याकडे बघितलं. "मॅम," थोरला अगदी हळुवारपणे म्हणाला, "मग ती धमकीच झाली."

मी चिवड्याची बशी पुन्हा त्यांच्यापुढे सरकवली. एवढी ओवाळून, खाऊ घालून शिकवलेली गोष्ट, आणि तिचा तिकडे गेल्यावर असा अर्थ निघतो, आणि तो अर्थ खोटाही नसतो. ते निघाले तेव्हा आई दारापर्यंत गेली आणि त्यांनाही म्हणाली, "येतो म्हणा." थोरल्याने मान झुकवली. मग दोघं गाडीकडे वळले.

माझ्या टीममध्ये त्याच्याच देशातली एक बाई आहे. पाच वेळा नमाज पढणारी, माझ्या डब्यातली शाकाहारी भाजी हक्काने खाणारी. तिचा मामा भाजीबाजारात कांदे घेत असताना त्याच्या माणसांच्या स्फोटात गेला. इथले लोक विसरतात, पण त्याने मारलेली माणसं बहुतेक त्याच्याच धर्माची होती, त्याच्याच गावाकडची, त्याच्याच मामाच्या वयाची. तो मेल्याची बातमी आली त्या दिवशी मी तिच्या डेस्कपाशी जाऊन उभी राहिले.

"मला वाटलं होतं, आज मला आनंद होईल," ती म्हणाली. "वाट बघत होते मी या दिवसाची, यार. झाला नाही. मामा थोडाच परत आला?"

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच हाताने मी त्याला ओवाळलं होतं. तिला ते सांगावं असं क्षणभर वाटलं आणि मग वाटलं, तिच्या दुःखात हे आपलं लचांड कशाला. मी दोघींसाठी चहा आणला आणि तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसले.

त्याची पडझड मी भिंतींवरून बघितली. रेकॉर्डिंगमध्ये त्याच्या मागे आधी झेंडे आणि मोठा दिवाणखाना असायचा. मग शहर हातचं गेलं आणि मागे मातीची भिंत आली. त्याच्याच दोन सरदारांनी वेगळी चूल मांडली, एकाने त्याला काफिर ठरवलं, ज्या शब्दाने याने इतरांना मारलं तोच शब्द याच्यावर उलटला. मग भिंतही गेली, नुसती टांगलेली घोंगडी. 'इथपर्यंत कळलं?' विचारणं त्याने सोडलं होतं, कारण समोर विचारायला कुणी नव्हतंच. पण शेवटचा शब्द तोच. त्या शब्दानंतर आता कुठे काही फुटत नव्हतं. कुणी घाबरत नव्हतं. बातम्यांत ते रेकॉर्डिंग हवामानाच्या आधी अर्धं मिनिट दाखवायचे. शेवटी एका घरावर क्षेपणास्त्र पडलं. घर त्याचं नव्हतं, त्याला आसरा देणाऱ्यांचं होतं, आणि आत त्यांची मुलंही होती. त्या मुलांबद्दल टीव्हीवर एक वाक्य होतं.

बाबा, मला तुमच्यावर राग येतो. तुम्ही म्हणालात, जातो म्हणणारा परत येत नाही. मग येतो म्हणणारा येतो, असंच ना? तो येतो म्हणून गेला. तुम्हीही येतो म्हणूनच गेलात. बायपासला आत नेताना ट्रॉलीवरून मान उचलून तुम्ही म्हणालात, "येतो गं," आणि आई म्हणाली, "या." तुम्ही मला त्याआधी विचारलं होतंत की त्याचं काही कळलं का, आणि मी नाही म्हटलं होतं, तेव्हा ते खरंच होतं. तुम्ही आला नाहीत. तो आला तर तसा आला, टीव्हीतून, सगळ्यांच्या घरात. मग काय राहिलं या शब्दात? आम्ही अजून रोज म्हणतो, माझी मुलगी कॉलेजला निघाली की आई तिच्याकडून वदवून घेते, तीही "ओके आजी, येते, येते," म्हणत गाडी काढते. मला दर वेळी ओरडून सांगावंसं वाटतं की काही म्हणू नका, नुसते जा. मी सांगत नाही.

गेल्या शनिवारी सकाळी त्याचं शेवटचं रेकॉर्डिंग दाखवलं. मेल्यावर बाहेर आलेलं. आई तिच्या आरामखुर्चीत मेथी निवडत होती. तिला आता नीट दिसत नाही, आठवण तर कधी असते कधी नसते. तुम्ही नाहीत हे तिला माहीत असतं, पण तो का येत नाही हे ती दर दिवाळीला विचारते. भाऊबीजेला पाट मांडायला लावते, दोन तास बघते, मग स्वतःच उचलते. मुलगी सोफ्यावर फोन घेऊन पडली होती. मी रिमोट शोधत होते, मला ते बंद करायचं होतं, पण रिमोट मेथीच्या काड्यांखाली होता. त्याचा आवाज खोल गेला होता. घोंगडीसुद्धा नव्हती, मागे नुसता अंधार. काहीतरी बोलला, मग खोकला, मग म्हणाला, "आय ॲम कमिंग."

"ये रे," आई मेथीवरून मान न उचलता म्हणाली. "सावकाश ये."

"आजी, यू आर टॉकिंग टू द टीव्ही," मुलगी हसली.

"मग? तो येतो म्हणाला. उत्तर नको द्यायला?" आणि मग माझ्याकडे वळून, "घसा बसलाय गं त्याचा. कोटबिट घालत नाही वाटतं आता."

मी रिमोट काढून टीव्ही बंद केला. तिने विचारलं, "निघाला का तो?" मी म्हटलं, "हो, निघाला." तिला सांगायला यापेक्षा सोपी वेळ मिळाली नसती. तो दहा हातांवर होता, तिने त्याला ओळखलं होतं, मी फक्त उरलेलं वाक्य पूर्ण करायचं होतं: आई, तो मेला, आणि मरण्याआधी त्याने किती लोकांना मारलं ते ऐक. मी मेथीच्या काड्या गोळा केल्या आणि ओट्यापाशी नेऊन टाकल्या. सांगून काय होणार? तिला एका माणसाची वाट बघता येते, तेवढंच तिच्याकडे उरलंय. आणि न सांगून तरी काय, मामाला गमावलेली ती बाई रोज माझ्यासमोर बसते, आणि माझ्या घरात त्या माणसाला 'ये' म्हणणारं कुणीतरी आहे. दोन्हीकडून मला तोंड दाखवायला जागा नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते मला कळतं. पण संपवायचं कसं ते कळत नाहीये. तुम्हाला 'येते' म्हटलं तर तुम्ही आहात तिथे यायचं झालं, आणि 'जाते' म्हणायची तुमच्या घरात बंदी. आई आतून हाक मारतेय. दिवाळी तोंडावर आलीय, पाट माळ्यावरून काढून पुसून ठेव म्हणतेय. या वर्षी तो मांडायचा नाही असं मी बातमी आली त्या दिवशी ठरवलं होतं. पण पुसून ठेवणार आहे, बाबा. आईसाठी, असं सांगेन सगळ्यांना.